अकराचं ॲव्हरेज

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळची वेळ, लेथचा आवाज. एक पांढरी मारुती ८०० गॅरेजात शिरते.)

१९९७ चं मॉडेल. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरवाली. मालक निवृत्त शिक्षक, आणि तक्रार एकच: "मिस्त्री, गाडी पेट्रोल प्यायला लागलीय. ॲव्हरेज अकरावर आलंय."

मिस्त्री बॉनेटला हातही लावत नाहीत. "मोजलं कसं, सर?"

पाचशेचं पेट्रोल टाकून काटा बघितला होता. हे काही मोजणं नव्हे. मग टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरली, किलोमीटर लिहून ठेवले, चार दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा तशीच भरली. १९८ किलोमीटर, १८ लिटर. अकराच! काटा खोटा असला तरी सर खरे निघाले.

(दृश्य: पुढचं डावं चाक जॅकवर.)

अशा वेळी आधी कार्बोरेटर खोलायची घाई होते. मिस्त्री आधी चाकं फिरवतात. हे चाक अर्ध्या फेरीतच थांबतं. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून जाम झालीय. सरांनी ब्रेकवरचा पाय कधीच उचललेला असतो, पॅड मात्र डिस्क सोडत नाही.

(दृश्य: फडक्यावर ठेवलेले तीन प्लग.)

तिन्ही काळेकुट्ट. बोटाला लागते ती कोरडी काजळी. चांगल्या जळणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी दिसतो. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पण एअर फिल्टर नवा आहे. गार इंजिन सुरू करताना हवा कमी करणारा चोकही पूर्ण मागे जातो. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास नाही, म्हणजे फ्युएल पंपाचा पडदाही शाबूत.

उत्तर डॅशबोर्डवर होतं. कागलपर्यंत जाऊन आलं तरी टेंपरेचरचा काटा तळाशीच. इंजिन थंड करून पुन्हा सुरू केलं आणि मिस्त्रींनी रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. पाइप लगेच कोमट व्हायला लागला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व. तो असता तर पाणी ऐंशी-ब्याऐंशी अंशांवर जाईपर्यंत पाइप गार राहिला असता आणि मग एकदम तापला असता.

झाकण खोललं. आत थर्मोस्टॅटच नाही.

सरांना आठवलं. एका उन्हाळ्यात घाटात गाडी तापली होती. "वॉल्व काढून टाकतो, परत तापणार नाही," असं कुणीतरी म्हणालं, आणि खरंच तापली नाही. उलट कायमची गारठली. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, सिग्नलला गाडी बंद पडते. मग दुसऱ्या कुणीतरी कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा स्क्रू सोडून पेट्रोल वाढवलं. तेही चाललं. काजळी आली ती तिथून. आणि मूळ दुखणं, चोंदलेलं रेडिएटर, इतकी वर्षं जसंच्या तसं. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये हा वॉल्व शोधावाच लागतो. तो काढून टाकणं म्हणजे ताप मोजायला नको म्हणून थर्मामीटर फेकण्यातली गत.

रेडिएटर साफ झालं, नवा थर्मोस्टॅट बसला, मिक्श्चर गरम इंजिनावर लावलं, कॅलिपरच्या पिनेला ग्रीस गेलं.

"आता जुनं ॲव्हरेज येईल?"

पूर्ण नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली आहे. जुने रबरी पाइपही या मिश्रणाने लवकर खराब होतात; मिस्त्रींनी तेही बदलले. हे इथेनॉल उसापासूनही बनतं, आणि सरांचा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो. "मग तक्रार कुणाकडे करू?" म्हणत ते हसतात.

(दृश्य: तोच पंप. नोझल बंद झाल्याचा खट्ट आवाज.)

२०८ किलोमीटर, १३ लिटर. पंपावरचा पोरगा मोबाइल पुढे करतो. सर खिशातून डायरी काढतात आणि भागाकार हातानेच मांडतात.