बसून कंबर का धरते?

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते बसून काम करणाऱ्यांशी. आपल्या कोल्हापुरातल्या गुजरीत दागिने घडवणाऱ्या कारागिरांशी, सुभाषनगरात रापी घेऊन चामड्यावर वाकलेल्यांशी, दिवसभर गल्ल्यावर असणाऱ्या दुकानदारांशी. तुमच्यातला जो तो म्हणतो, ‘ताठ बसायला पाहिजे, पण जमत नाही.’ माझं म्हणणं, ताठ बसून तीन तास हलला नाहीत तरी कंबर धरणारच.

दोन मणक्यांमध्ये कूर्चेची चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. मोठेपणी या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या हाडातून पाझरेल तेवढंच तिचं पोषण, आणि त्यासाठी दाब कमी-जास्त होत राहावा लागतो. म्हणून अर्ध्या तासानं उठाच. पाणी प्या, दारापर्यंत जाऊन या, हात कमरेवर ठेवून थोडं मागे वाका. गिऱ्हाईक आलं तर उभं राहूनच माल दाखवा की!

मांडी घालून बसणं वाईट नाही. पण ढुंगणाखाली पाट किंवा घडी घातलेली वाकळ घ्या, म्हणजे गुडघे खाली राहतात आणि कमरेची नैसर्गिक खोलगट बाजू टिकते. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मान पुढे झुकली की ते मानेच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं. तेव्हा मान कामाकडे नेण्यापेक्षा काम वर उचला, चौरंग उंच करा. मोबाईललाही तेच लागू. खुर्चीवाल्यांनी पावलं जमिनीला टेकवावीत, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी. आणि मागच्या खिशातलं पाकीट आधी काढा.

उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाची लाथ खायची आपल्याकडे रीत. बहुतेक उसणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपसूक ओसरतात. श्रेय मात्र लाथेला! आठवडाभर अंथरुणात पडून राहण्याचा सल्लाही आता मागे पडलाय. सोसेल तेवढं चालत-फिरत राहा.

मात्र कळ पायात उतरून पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मलम चोळत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं दुसरं मोठं हॉस्पिटल गाठा.