ती थरथर भीतीची नव्हती

नमस्कार मंडळी, आज जरा घरातलंच सांगतोय. माझा धाकटा भाऊ, नाशिकला अंबडमध्ये कंपनीत आहे, एका रात्री मुंबई नाक्याला नाकाबंदीत सापडला. पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा लिमिटच्या कितीतरी वर. लिमिट म्हणजे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, दारू पिऊन गाडी चालवण्याचं, पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपये दंड नाहीतर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कोर्टात सकाळी सही करताना त्याचा हात इतका थरथरत होता की पेन दोनदा खाली पडलं. आम्हाला वाटलं घाबरलाय बिचारा, पाणी पाजलं, दंड भरला, घरी आल्यावर आईने दृष्ट काढली, विषय संपला. आठ महिन्यांनी परत सापडला. तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं आणि ते म्हणाले, अहो रात्रीपासून दारू मिळाली नव्हती म्हणून हात थरथरत होता, हा आजार आहे.

मला अजून लागतं ते हेच, एवढ्या जणांनी तो हात बघितला आणि किती पितोस रे, एवढंही कोणी विचारलं नाही, मी पण नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अशांसाठी वेगळी कोर्टं आहेत, जज उपचाराला पाठवतात आणि पुन्हा पुन्हा बोलावून चौकशी करतात. आपल्या कलम १८५ मध्ये दंड आहे, कैद आहे, उपचार नाही, म्हणून ते घरच्यांनाच बघावं लागतं.

पण रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू एकदम बंद करू नका, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जिवावर बेतू शकतं, ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. आणि ताई-माईंनो, भाजीत गुपचूप दारू सोडवायची गोळी तर अजिबात मिसळू नका, त्या डायसल्फिरामच्या गोळीवर दारू पडली की उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, माणूस जाऊ शकतो. गोळी त्याला सांगूनच द्यायची.

भाऊ ॲडमिट राहिला, मधे एकदा स्लिप झाला, म्हणजे पुन्हा प्यायला, परत ॲडमिट झाला. आता सिटीलिंकच्या बसने कामावर जातो, बाईकची चावी भावजयीकडे. परवा पुतणीच्या प्रगतिपुस्तकावर सही करत होता, मी आपला हाताकडेच बघत बसलो.

कुणाकडे असं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, १४४४६. लिहून घ्या, परत सांगतो, १, ४, ४, ४, ६.