थोरले बुश आणि ‘विम्प’चा शिक्का

(दृश्य: न्यूजवीक साप्ताहिकाचं जुनं मुखपृष्ठ)

१९ ऑक्टोबर १९८७ ची तारीख असलेला हा अंक. मुखपृष्ठावर अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, आपल्या मोटारबोटीचं सुकाणू धरून उभे आहेत. फोटो रुबाबदार आहे, पण मथळ्यातला एक शब्द त्या सगळ्या रुबाबावर पाणी ओततो: ‘विम्प’. विम्प म्हणजे लेचापेचा, शेळपट, वेळ आली की कच खाणारा माणूस. बुश यांनी ह्यूस्टनमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली, त्याच सुमाराला हा अंक लोकांच्या हातात पडला.

(दृश्य: दुसऱ्या महायुद्धातली नौदलाची विमानं)

आता ही तारीख पाहा. २ सप्टेंबर १९४४, प्रशांत महासागरातलं चिचिजिमा बेट. तिथलं जपानी रेडिओ केंद्र उडवायला अमेरिकी नौदलाची ॲव्हेंजर विमानं निघाली आहेत. त्यातला एक वैमानिक अवघा २० वर्षांचा. अठरा पूर्ण झाली त्याच दिवशी त्याने नौदलात नाव नोंदवलं होतं. खालून तोफांचा मारा होतो, विमानात धूर कोंडतो. तरीही तो लक्ष्यावर बॉम्ब टाकतो, मगच विमान समुद्राकडे वळवून पॅराशूटने उडी घेतो. त्याचे दोन सहकारी, जॉन डिलेनी आणि विल्यम व्हाइट, वाचत नाहीत. तो एका छोट्या रबरी तराफ्यावर चढतो आणि बेटाकडे वाहत जाऊ नये म्हणून हातांनी पाणी मागे ढकलत राहतो. काही तासांनी ‘फिनबॅक’ ही अमेरिकी पाणबुडी त्याला उचलून घेते. त्याच बेटावर जपान्यांच्या हाती लागलेल्या अनेक अमेरिकी वैमानिकांना ठार मारण्यात आलं होतं.

हा पोरगा म्हणजेच जॉर्ज बुश. युद्ध संपेपर्यंत त्यांच्या खात्यावर ५८ लढाऊ उड्डाणं जमा झाली.

मग अशा माणसाला विम्प म्हणायला जीभ कशी रेटली? कारण ही शिवी कर्तृत्व पाहून दिली जात नाही. ती आवाज, चालणं, हातवारे पाहून दिली जाते. बुश खानदानी घरातले, येल विद्यापीठात शिकलेले. बढाई मारायची नाही, असं आईने लहानपणापासून बजावलेलं. बोलण्यात नम्रता, आवाज काहीसा चिरका. त्यात १९८१ पासून राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे निष्ठावंत उपराष्ट्राध्यक्ष. पडद्यावर काउबॉय रंगवलेल्या रेगन यांच्या शेजारी ते कायम फिकेच दिसत. १९८६ मध्ये जॉर्ज विल या नामवंत स्तंभलेखकाने तर त्यांची तुलना मांडीवरच्या पाळीव कुत्र्याशी केली.

(दृश्य: जुन्या शब्दकोशांची पानं)

शब्दाचं मूळ काय? मुळूमुळू रडणं या अर्थाचं ‘व्हिम्पर’ हे इंग्रजी क्रियापद त्याच्या मागे असावं, असं बहुतेक कोशकार मानतात. १९०९ च्या एका कोशात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत विम्प म्हणजे तरुण मुलगी, अशी नोंद आहे. दुबळ्या माणसासाठी हा शब्द अमेरिकेत १९२० मध्ये छापलेला सापडतो. पॉपायच्या चित्रमालिकेतला हॅम्बर्गरखाऊ विम्पी अवतरला १९३१ मध्ये, त्यामुळे शब्द त्याच्यापासून निघाला हा समज टिकत नाही. शब्द बोकाळला तो १९६० नंतर. आणि मला यातली केंब्रिजची नोंद फार बोलकी वाटते. पुरुषाला हिणवायचं तर त्याला बाई ठरवायचं, ही खोड फार जुनी आहे. भौतिकशास्त्रसुद्धा यातून सुटलं नाही. विश्वातल्या अदृश्य द्रव्याचे संभाव्य कण ‘विम्प’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाऊ लागले, तेव्हा त्याच द्रव्याच्या दुसऱ्या कल्पनेला मुद्दाम ‘माचो’ असं मर्दानी नाव देण्यात आलं.

(दृश्य: १९८८ चा निवडणूक प्रचार)

शिक्का बसल्यावर तो पुसायची धडपड सुरू झाली. २५ जानेवारी १९८८. सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीच्या बातम्यांत निवेदक डॅन रादर यांनी रेगन सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावरून बुश यांना धारेवर धरलं. पूर्वी एकदा रादर रागाने स्टुडिओ सोडून गेले होते आणि काही मिनिटं पडदा काळा पडला होता. बुश यांनी तीच गोष्ट थेट प्रक्षेपणात त्यांच्या तोंडावर मारली. त्यांचे समर्थक खूश झाले.

गंमत नव्हे, शोकांतिका म्हणावी अशी गोष्ट पुढे घडली. प्रतिस्पर्धी मायकेल डुकाकिस यांनाही संरक्षणाच्या बाबतीत मऊ म्हटलं जात होतं. १३ सप्टेंबर १९८८ ला मिशिगनमध्ये ते डोक्यावर भलंमोठं शिरस्त्राण चढवून रणगाड्यात उभे राहिले. बुश यांच्या प्रचारयंत्रणेने तीच दृश्यं जाहिरातीत घालून त्यांचं हसं केलं. डुकाकिस स्वतः लष्करात नोकरी केलेले, कोरियात राहून आलेले. पण ते कुणी विचारात घेतलं नाही. ज्या कातरीने बुश यांना कापलं होतं, तीच त्यांच्या माणसांनी हसत हसत दुसऱ्यावर चालवली. मला हे अन्यायाचं वाटतं. त्या निवडणुकीत बुश यांनी ४० राज्यं जिंकली.

डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकी फौजा पनामात घुसल्या. काही भाष्यकारांनी तेव्हा लिहिलं की आता बुश यांच्यावरचा तो शिक्का पुसला गेला. त्या कारवाईत शेकडो पनामावासी मेले. एका शिवीचं खंडन झालं की नाही, हे अशा घटनेवरून ठरवलं जावं, याचा मला आजही राग येतो.

२०१२ मध्ये न्यूजवीकने पुन्हा तोच शब्द मुखपृष्ठावर छापला, या वेळी त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्यासाठी. आणि १९८७ मध्ये साप्ताहिकाच्या वॉशिंग्टन कार्यालयाची सूत्रं हाती असलेले इव्हान थॉमस? बुश यांच्या बाबतीत तो शब्द वापरणं चूक होतं, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं.