सॉल्ट लेकच्या खोऱ्यात घर घेताय? आधी ड्राइव्हवेचं तोंड बघा

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की आज दुसरं काही बोलतच नाही. "ताई, सॉल्ट लेकला नोकरी लागलीय, घर कुठल्या भागात बघू?"

हे सॉल्ट लेक सिटी म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं शहर. सोपं ते पटकन उरकते. पूर्वेला वॉसॅचचे डोंगर, पश्चिमेला ओकरचे, मधे आपण. ऑफिस डाउनटाऊनला असेल तर शुगर हाऊस, ॲव्हेन्यूज. ऑफिस लीहाय या गावी असेल तर ड्रेपर, सँडी, हेरिमन. साऊथ जॉर्डनला गणपतीचं देऊळ आहे, तिथल्या डेब्रेकपर्यंत ट्रॅक्स या इथल्या लोकल रेल्वेची रेड लाइन जाते. पत्ते म्हणजे नुसते आकडे, टेंपल स्क्वेअर, म्हणजे डाउनटाऊनमधल्या मॉर्मन मंदिराच्या आवाराच्या कोपऱ्यापासून मोजलेले. ईस्टचा आकडा वाढत गेला की तुम्ही डोंगराकडे चाललात. झालं. शाळा, बजेट तुमचं तुम्ही बघालच.

आता मुद्द्याचं. ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची काँक्रीटची वाट.

हसू नका. आम्ही घर जूनमध्ये बघितलं. हिरवळ, गुलाब, मागे डोंगर. बाबा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, हातात होकायंत्र. "दार उत्तरेला! कुबेराची दिशा! घेऊन टाका!" घेतलं. डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. आमच्या रस्त्याच्या पलीकडे एक आजोबा राहतात, त्यांच्या घराचं तोंड दक्षिणेला. त्यांनी सकाळी फावड्याने वरवरचा बर्फ काढला आणि आत गेले. दुपारी त्यांचं काँक्रीट कोरडं ठणठणीत. आमच्याकडे उरलेला पातळ थर रात्री गोठला, दुसऱ्या दिवशी वितळला नाही, त्यावर पुढचा बर्फ पडला. मी शहाणपणा केला. पातेलंभर उकळतं पाणी ओतलं. दहा मिनिटं मस्त वाफा आल्या. संध्याकाळी तिथे आरसा तयार! गाडी गॅरेजमधून मागे घेतली ती चाकं न फिरता थेट रस्त्यापर्यंत घसरत गेली. आमच्या दारातला तो बर्फ मार्चमध्ये गेला.

कारण साधं आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी इथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम 26 अंश वर येतो. पुण्यात त्या दिवशी 48. म्हणजे घराची सावली घराच्या उंचीच्या दुप्पट, आणि ती पडते उत्तरेकडे. दार उत्तरेला, गॅरेज उत्तरेला, म्हणजे ड्राइव्हवे अख्खा हिवाळा स्वतःच्याच घराच्या सावलीत. कुबेराला काय, त्याला फावडं मारायचं नाहीये.

यावर एका दादांची कमेंट आहे, "मीठ टाका, सोपं आहे." दादा, पारा उणे दहाच्या आसपास गेला की साधं मीठ जवळपास हात टेकतं, आणि आमच्या सावलीतल्या कोपऱ्यात पहाटे तेवढं होतंच. वर काँक्रीटचे पोपडे निघतात ते वेगळंच. दुसरे म्हणतात, खालून गरम करणारा ड्राइव्हवे बसवा. बसवा की! खर्च तुम्ही पाठवणार असाल तर मी आजच माणूस बोलावते. आणि हे फक्त आपल्या दारापुरतं नाही. सॉल्ट लेक सिटीत बर्फ थांबल्यावर 24 तासांच्या आत घरासमोरचा फुटपाथ साफ करणं घरमालकावर आहे. दार उत्तरेला असेल तर तो फुटपाथही बहुधा तुमच्याच सावलीत.

"मग वास्तूचं काय?" हा प्रश्न येणार, माहितीये. पूर्वेचं दार घ्या ना! सकाळचं ऊन मिळतं, बाबाही खूश. फक्त अगदी वॉसॅचच्या पायथ्याशी असाल तर सूर्य आधी डोंगर चढून येतो, उशीर होतो. खोऱ्याच्या पश्चिमेला तो त्रास कमी.

आणि व्ह्यू, व्ह्यू, व्ह्यू! प्रत्येक तिसरी कमेंट व्ह्यूची. अहो, पायथ्याशी राहिलात तर खिडकीतून शेजाऱ्याचं छप्पर आणि उतार दिसतो. अख्खी वॉसॅचची रांग, संध्याकाळी गुलाबी होणारी, ती हेरिमन, वेस्ट जॉर्डनवरून दिसते.

उंचीवर राहण्याचा खरा फायदा हवेचा. जानेवारीत इन्व्हर्जन होतं. थंड हवा खोऱ्याच्या तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि गाड्यांचा, हीटरचा धूर मधे कोंडतो. पुढचं वादळ येईपर्यंत हलत नाही. त्या दिवसांत शेकोटी पेटवायला बंदी, शाळा मुलांना मधल्या सुट्टीत आत ठेवतात. अर्ध्या तासावर, डोंगरात वर असलेल्या पार्क सिटीला मात्र निळंभोर आकाश. दमा असेल घरात, तर तळाकडचे भाग जानेवारीत एकदा हुंगून या.

पण फार वर जाऊ नका, कारण वॉसॅच फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची भेग, त्याच पायथ्यातून जातो. मार्च 2020 मध्ये खोऱ्यातल्याच मॅग्नाजवळ 5.7 चा भूकंप झाला, तेव्हा त्या मॉर्मन टेंपलवरच्या सोनेरी पुतळ्याच्या हातातली तुतारी खाली पडली. विटांचं जुनं घर आवडलं असेल तर आधी इंजिनियरला दाखवा. आणि 2023 च्या एप्रिलमध्ये ड्रेपरला उतारावरची दोन नवी घरं घसरून कोसळली. रिकामी होती म्हणून निभावलं. यूटा जिऑलॉजिकल सर्व्हेचे नकाशे फुकट आहेत, बघा.

परत ड्राइव्हवे. हो, परत! जाहिरातीतले फोटो नेहमी उन्हाळ्यातले. तुम्ही बर्फ पडल्यावर दोन दिवसांनी जा, दुपारी चारला. एजंट म्हणेल, "आता घरं नीट दिसत नाहीत." नेमकी आत्ताच दिसतात! रस्त्याच्या मधे उभे राहा. एक बाजू काळी कोरडी, एक पांढरी. ड्राइव्हवेचा उतार बघा, पाणी वितळून कुठे जातं ते बघा. हिवाळ्यात जमत नसेल तर फोनमधलं होकायंत्र आहेच, बाबांचं नको.

चला, बाहेर भुरभुर सुरू झालीय. पलीकडच्या आजोबांनी पडदा ओढून घेतला. मी फावडं शोधते.