ठसा डब्यात ठेवू नका

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावासमोर ‘रबरी ठशांची तंत्रं’ असं छापलंय, आणि ती मी सांगणारच आहे. पण इतके ठसेवाले एका सभागृहात सापडलेत, तर आधी मनातलं बोलून घेते. ठसा हा मुळात चार हातांत फिरायचा असतो. एकदा कोरला की शेकडो वेळा उमटतो, आणि उमटवून तो कमी होत नाही. तरी आपल्यातले कितीतरी जण आपले ठसे डब्यात कुलूपबंद ठेवतात, आणि त्याहून वाईट म्हणजे आपली युक्तीही.

हे मला का लागलंय ते सांगते. मागे मी एका शिबिराला गेले होते. फी भरपूर. दारातच एका कागदावर सही घेतली: इथे शिकलेलं बाहेर कुणाला शिकवणार नाही. फोटो काढायचे नाहीत. बाई स्वतः पाठमोऱ्या उभ्या राहून ठशाच्या ओल्या शाईवर एम्बॉसिंगची, म्हणजे तापवल्यावर वितळून नक्षीला उठाव देणारी पावडर टाकायच्या आणि तयार कार्ड आमच्यासमोर धरायच्या. माझ्या शेजारी एक आजी होत्या, नातवाच्या मुंजीची आमंत्रणं स्वतः करायची म्हणून आलेल्या. त्यांच्या कार्डावरची सोनेरी पावडर चकाकण्याऐवजी कागदात मुरली आणि भोवती तेलकट डाग पडला. त्यांनी विचारलं, असं का झालं? उत्तर मिळालं, ‘ते ॲडव्हान्स बॅचमध्ये घेऊ.’

अहो, उत्तर एका वाक्याचं आहे! पावडर वितळून चकाकली की हीट गन, म्हणजे ती तापवायचं गरम हवेचं यंत्र, तत्क्षणी बाजूला घ्यायची. जास्त तापवली तर ती कागदात उतरते. एवढं सांगायला दुसरी फी? आजींना मी ते तिथल्या तिथे कानात सांगितलं. सही केली होती, तरी सांगितलं, आणि आज तुम्हा सगळ्यांना माईकवरून सांगतेय. (हसा, पण लिहूनही घ्या.)

शाळेतले भेंडीचे ठसे आठवतात ना? एकच भेंडी अख्ख्या बाकावर फिरायची. कुणी म्हटलं का, माझी भेंडी, माझं तंत्र?

इंग्लंडमध्ये, डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा उजाड माळ आहे. तिथे क्रॅनमिअर पूल ही दलदलीतली जागा, पोचायला अवघड. 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. जो पोचेल त्याने आपलं नावाचं कार्ड तिच्यात टाकायचं. पुढे बाटलीचा डबा झाला, डब्यात वही आली, रबरी शिक्का आला. आता माणसं माळ तुडवत असे डबे शोधतात, डब्यातला ठसा आपल्या वहीत उमटवतात आणि आपला ठसा डब्यातल्या वहीत. ठसा परत डब्यात जातो, पुढच्या माणसासाठी. हा छंद अमेरिकेत पोचला तेव्हा लोक हौसेने स्वतः खोडरबर कोरून ठसे ठेवू लागले. डबा असावा तर असा. आपल्याकडे ट्रेकर काय कमी आहेत? गडावर नको, तिथे आधीच पुरेसं लिहून ठेवलेलं असतं; पण पायथ्याच्या चहावाल्याकडे एक वही आणि गडाच्या दरवाजाचा ठसा ठेवला तर? कुणाला करायचं असेल तर मला भेटा, ठसा मी कोरून देते.

झुरिकला 1997 पासून सुरू झालेल्या अदलाबदलीच्या कार्डांबद्दलही बोलायचं होतं, अडीच बाय साडेतीन इंचांची, विकायची नाहीत, फक्त एकमेकांना द्यायची. पण समोरून दहा मिनिटांची चिठ्ठी आलीये. तेव्हा तंत्रं, भराभर.

कोरण्याआधी चित्र बटर पेपरवर शिसपेन्सिलीने काढा, कागद रबरावर उलटा ठेवून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं. नाव कोरणाऱ्यांनी तर हे कधीच चुकवू नका. कटरचं पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे रेषेखाली रबराचा रुंद पाया राहतो. पातं आत कललं तर रेष खालून पोखरली जाते आणि दाबताना वाकते. वळणावर कटर स्थिर धरा, रबर फिरवा.

ठसा मोठा असेल तर तो पॅडवर आपटू नका, पॅड उचलून ठशावर थोपटा. उमटवताना सरळ खाली दाबा, डोलवू नका. डोलवला की कडांचे डाग पडतात.

एम्बॉसिंगला पिगमेंट इंकच, म्हणजे हळू वाळणारी शाईच घ्या. डाय इंक चटकन कागदात शोषली जाते, पावडर धरायला ओल उरत नाही. त्याआधी कागदावर टाल्कमचा हलका हात फिरवा, म्हणजे भलतीकडे पावडर चिकटणार नाही. केसांचा ड्रायर चालत नाही. तो पावडर उडवतो आणि तितका तापतही नाही.

एका चित्रामागे दुसरं दाखवायचं असेल तर पुढचं आधी छापा. तेच वेगळ्या कागदावर छापून कापा, पहिल्यावर झाका, आणि मग मागचं छापा. फिकट छटा हवी असेल तर ठसा एकदा रद्दी कागदावर उमटवा, मग पुन्हा शाई न लावता कार्डावर.

लाकडी ठोकळ्याचे ठसे पाण्यात बुडवू नका, गोंद सुटतो. ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हापासून लांब ठेवा.

मागच्या टेबलावर रबरं मांडलीत. कटर थोडेच आहेत, तेव्हा एकाने कोरावं, शेजारच्याने बघावं, मग अदलाबदल. माझ्या ठशांचा डबा उघडाच आहे. हवे ते घेऊन जा, पुढच्या महिन्यात परत आणा, आणि येताना तुमचे घेऊन या.