वेबसाइटवर गिऱ्हाईक आणायचं कुठून?

नमस्कार श्रोतेहो. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे, वेबसाइटही झाली, पण तिच्यावर कुणी फिरकत नाही, असं समजू या. जाहिरातीला पैसे घालण्याआधी करण्यासारखं बरंच आहे.

गूगलच्या शोधात आणि नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारं गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट मिळतं. त्यात पाटीवरचंच नाव द्या. नावापुढे 'नाशिकमधली सर्वांत स्वस्त भांडी' असं चिकटवलं, तर नियमभंग म्हणून प्रोफाइल बंद होऊ शकतं. नकाशावरची खूण आपल्याच दारावर आहे ना, ते मोबाइल घेऊन चालत जाऊन बघा. आणि वेबसाइटचा पत्ता भरायला विसरू नका.

खरा झरा मात्र वेगळाच आहे. गिऱ्हाईक गल्ल्यापाशी जे विचारतं, तेच घरी बसून गूगलला विचारतं. पितळी पातेल्यात आमटी का कळकते? कल्हई पुन्हा कधी करायची? महिनाभर हे प्रश्न वहीत उतरवा, अगदी त्यांच्याच शब्दांत. मग एका प्रश्नाला एक पान, आणि प्रश्न हेच मथळा. उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या: कल्हईचा पांढरा थर जाऊन आतलं पिवळं पितळ दिसू लागलं, की कल्हई करायची, नाहीतर आंबटामुळे तांबं पदार्थात उतरतं. फोटो आपल्याच दुकानातले घ्या, पण दोनशे केबीच्या आत आणा. मोबाइलचा मूळ फोटो कित्येक एमबीचा असतो आणि पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. गूगल सर्च कन्सोल हेही फुकट. लोकांनी गूगलवर कोणते शब्द शोधले तेव्हा आपलं पान दिसलं, ते त्यात कळतं. दिसतं पुष्कळदा, पण उघडत कुणी नाही, असं असेल तर आधी मथळा बदलून पाहा.

पिशवीवर क्यूआर कोड छापा. किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, चारही बाजूंना कोरी जागा सोडून. कोडमध्ये थेट आपलाच पत्ता घाला. कोड बनवून देणाऱ्या काही कंपन्यांचा कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्याकडे येतो. मुदत संपली की तो बंद, आणि छापलेल्या हजार पिशव्या वाया. तो कोड कल्हईच्या पानावर न्या. पिशवी घरी पोचते तेव्हा भांडं हातात असतं.

एकच निरोप एकदम अनेकांना धाडायच्या व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून बिल करतानाच नंबर सेव्ह करायला सांगा.

पाचशे रुपयांत वेबसाइटला हजारो माणसांच्या भेटी मिळवून देतो म्हणणाऱ्यांना मात्र दारातही उभं करू नका. त्या भेटी बहुतेक यंत्रांच्या असतात. आकडा फुगतो, फोन एकही येत नाही.

2027 च्या सिंहस्थात रामकुंडावर देशभरातून माणसं येतील. नवं पान शोधात वर यायला महिने लागतात, तेव्हा पानं आधीच तयार हवीत. गोदावरीचं पाणी न्यायच्या भांड्याला आपण गडू म्हणतो, पण हिंदी मुलखातली माणसं 'लोटा' असंच शोधतील. त्यांच्यासाठी वेगळं पान लिहा, त्यांच्याच भाषेत.