दर आठवड्याला बदलणारा संघ

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय ते बर्फावरच्या हॉकीबद्दल, आणि तेही तिच्या दुसऱ्या फळीबद्दल. अमेरिका आणि कॅनडात नॅशनल हॉकी लीग ही सर्वांत वरची स्पर्धा. तिच्या खालोखाल अमेरिकन हॉकी लीग, १९३६ पासून चालत आलेली. आज तिच्यात ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ वरच्या एकेका क्लबाशी बांधलेला आहे. बरेचसे खेळाडू वरच्या क्लबाने करारबद्ध केलेले असतात, आणि त्यांतल्या कोणाला कधी वर बोलवायचं हे तोच क्लब ठरवतो. खालच्या कोचला ते कळवलं जातं, विचारलं जात नाही.

या संघांबद्दल कायमची एक तक्रार असते, की यांच्या खेळात सातत्य नाही. शुक्रवारी अव्वल संघाला धूळ चारतात आणि रविवारी तळाच्या संघाकडून मार खातात. मग बोललं जातं की पोरांमध्ये जिद्द नाही, कोचचा वचक नाही. मला ही टीका अन्यायाची वाटते, आणि ती का, हेच आज सांगायचं आहे.

एखादा साधा मंगळवार घ्या. वरच्या क्लबाच्या एका खेळाडूचा घोटा दुखावतो. लगेच खालच्या संघाला फोन येतो, तुमचा पहिल्या फळीचा सेंटर पाठवा. सेंटर म्हणजे आघाडीच्या तिघांतला मधला, त्याच्या दोन्ही बाजूंना विंगर, आणि या तिघांची मिळून एक फळी. बुधवारी संध्याकाळी सामना असतो. सामन्याच्या दिवशी दुपारी झोप काढायची या खेळाडूंची पद्धत आहे, पण हा मुलगा त्या वेळी विमानतळावर असतो, शेजारी किटबॅग आणि स्टिकांची जुडी. इकडे कोच फळ्यावरचं त्याचं नाव पुसतो आणि दुसऱ्या फळीतल्याला वर सरकवतो. मग तिसऱ्यातला दुसऱ्यात जातो. तळाशी जी जागा उरते तिच्यासाठी आणखी खालच्या ईसीएचएल या लीगमधून कोणाला तरी बोलावलं जातं, म्हणजे तिथल्या संघालाही भोक पडतंच. घोटा एकाचा दुखावला आणि तीन गावांतले तीन संघ विस्कटले.

आता बर्फावर काय होतं ते बघा. एका वेळी गोलरक्षक धरून सहाजण खेळतात आणि जेमतेम पाऊण-एक मिनिटाने गोलरक्षक सोडून बाकीची तुकडी बदलते. एवढ्या वेळात विचार करून पास देता येत नाही. आपला जोडीदार कुठे असेल हे न बघता माहीत असावं लागतं. जुना सेंटर पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली रबरी चकती, घेऊन क्षणभर थांबायचा आणि मग द्यायचा. नवा लगेच देतो. पास वाईट नसतो, पण विंगर तिथे अर्ध्या सेकंदाने पोचतो आणि पक त्याच्या स्केटच्या मागून निघून जातो. प्रेक्षक म्हणतात, आज यांचं लक्षच नाही! दोन आठवड्यांनी ही जोडी जमते, आणि तेवढ्यात वरच्या खेळाडूचा घोटा बरा होऊन जुना सेंटर परत येतो. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गोलरक्षकाचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. वरच्या क्लबाचा एक गोलरक्षक जायबंदी झाला, की खालचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक वर जातो. तिथे तो बहुधा खेळत नाही. राखीव म्हणून बाकावर बसतो आणि बर्फावरून परतणाऱ्यांसाठी बाकाचं फाटक उघडतो. इकडे त्याचा संघ नवख्याच्या भरवशावर पाच-सहा सामने काढतो. वरच्यांना फाटकापाशी एक माणूस मिळाला आणि त्यापायी खालच्यांचा अर्धा महिना गेला.

आपल्याकडे मुंबईच्या रणजी संघाचं असंच होतं. भारताचा दौरा निघाला की निम्मी फलंदाजी जाते. पण रणजीत दोन सामन्यांत थोडी उसंत तरी मिळते. अमेरिकन हॉकी लीगच्या एका हंगामात प्रत्येक संघाला ७२ सामने खेळायचे असतात, आणि तिकिटं खपतात ती शनिवार-रविवारकडे. म्हणून सामन्यांची गर्दी शुक्रवार ते रविवार होते. कधी कधी तर तीन दिवसांत तीन सामने, तेही वेगवेगळ्या गावांत. शुक्रवारी रात्री सामना संपला की आंघोळ, हातात खाण्याचा डबा, आणि बस. शनिवारी पुन्हा तेच. रविवारी दुपारच्या सामन्यात पाय शिशाचे होतात. त्या सामन्यावरून कोणाच्या जिद्दीचं मोजमाप करू नये.

यात एक नियमही आहे. सामन्यासाठी गोलरक्षक सोडून १८ खेळाडू घेता येतात, आणि त्यांतले किमान १३ हे व्यावसायिक हॉकीत अजून फार सामने न खेळलेले असावे लागतात. म्हणजे पोक्त खेळाडू जास्तीत जास्त पाच. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे, कारण ही लीग तरुण घडवण्यासाठीच आहे. पण विशीतला मुलगा आज झळकणार आणि उद्या चुकणार, हे गृहीतच धरलं पाहिजे.

मग सातत्य कधी येतच नाही का? येतं. त्यासाठी नॉरफोकची गोष्ट सांगतो.

व्हर्जिनिया राज्यातलं नॉरफोक हे आरमाराचं शहर, म्हणून संघाचं नाव अ‍ॅडमिरल्स. २०११-१२ च्या हंगामात हा संघ फ्लोरिडातल्या टॅम्पा बे लाइटनिंगशी जोडलेला होता आणि कोच होते जॉन कूपर, पूर्वीचे वकील. पहिल्या ४८ सामन्यांत २७ विजय, २१ पराभव. बरा संघ, पण बेभरवशाचा. आणि मग १० फेब्रुवारीपासून हा संघ हरायचाच थांबला. हंगाम संपेपर्यंत सलग २८ सामने जिंकले! या लीगमधला आधीचा विक्रम १७ विजयांचा होता. पुढे बाद फेरीच्या १८ सामन्यांत फक्त तीन हरले, आणि अंतिम मालिकेत टोरंटो मार्लीजला ४-० असं लोळवून जूनमध्ये या लीगचा कॅल्डर चषक उचलला.

यामागे कूपर यांची हुशारी होतीच. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. कोरी कोनाकर, टायलर जॉन्सन आणि ओन्द्रेय पालाट हे त्या संघाचे तरणे आघाडीवीर. कोनाकर तर त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे तिघे पुढे टॅम्पाकडून खेळले, आणि जॉन्सन, पालाट व कूपर यांनी वरच्या लीगचे २०२० आणि २०२१ चे स्टॅन्ली चषकही जिंकले. पण त्या २०११-१२ च्या हंगामात टॅम्पाने या तिघांपैकी एकालाही वरच्या लीगचा एकही सामना खेळवला नाही. बाकीच्यांची ये-जा चालू होती, पण हा गाभा जागेवर राहिला. राहू दिला म्हणून रुजला.

आणि पुढे? त्याच उन्हाळ्यात टॅम्पाने नॉरफोकशी असलेलं नातं संपवलं आणि आपले खेळाडू, कोच सगळं न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला नेलं. पुढच्या वर्षी सिराक्यूजचा संघ अंतिम फेरीत पोचला. नॉरफोकच्या वाट्याला वरच्या लीगमधल्या अ‍ॅनाहाइमचे खेळाडू आले, जर्सीवर नाव तेच राहिलं, आणि विजेता संघ वर्षभरात बाद फेरीच्याही बाहेर पडला. २०१५ मध्ये अ‍ॅनाहाइमने तो संघ विकत घेऊन सॅन डिएगोला हलवला. नॉरफोकला त्या जागी ईसीएचएलचा, एक पायरी खालचा संघ मिळाला. ज्यांनी त्या २८ विजयांसाठी घसा बसेपर्यंत ओरडून पाठिंबा दिला, त्या गावकऱ्यांना यातलं काहीच कोणी विचारलं नव्हतं.

याच्या उलट पेनसिल्व्हेनियातलं हर्शी, चॉकलेटचं गाव. तिथला हर्शी बेअर्स १९३८ पासून या लीगमध्ये आहे आणि त्याच्या नावावर १३ कॅल्डर चषक आहेत, त्यांतले शेवटचे दोन २०२३ आणि २०२४ चे. खेळाडू त्यांनाही वरच्या क्लबाकडून, म्हणजे वॉशिंग्टनकडूनच येतात आणि वॉशिंग्टनलाच परत जातात. पण संघाची मालकी हर्शीच्या गावातल्याच कंपनीकडे आहे, त्यामुळे जिंकणं ही मालकाचीही गरज आहे. पोक्त खेळाडूंच्या त्या मोजक्या जागा ते विचार करून भरतात. पोरं बदलत राहतात, पण नव्या पोराला कुठे उभं राहायचं हे सांगणारा कोणीतरी ड्रेसिंग रूममध्ये कायम असतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की वरच्या क्लबांनी खालच्या संघाकडे गोदाम म्हणून बघू नये. फाटक उघडायला माणूस हवा असेल तर एखादा अनुभवी राखीव गोलरक्षक वेगळा ठेवावा, तेवढे पैसे त्यांच्याकडे आहेत. दोन-तीन तरुणांचा गाभा हंगामभर हलवू नये. टॅम्पाने तसं केलं आणि त्यांना पुढे दोन चषकांचे मानकरी मिळाले, म्हणजे यात नुकसान कोणाचंच नाही. आणि तीन दिवसांत तीन सामने हा प्रकार लीगने पूर्ण बंद करावा. बुधवारी खुर्च्या थोड्या रिकाम्या राहतील, राहू देत. रविवारी तिकीट काढून आलेल्या माणसाला निदान धावता येणारे खेळाडू बघायला मिळतील.

नमस्कार.